चौदा कॅरेटची मुदी

लग्न माझं ठरलं होतं, पण त्या दिवसांत आमच्या घरात माझ्याविषयी कोणी एक अक्षर बोललं असेल तर शपथ! सगळं बोलणं मुदीचं. अंगठीला आमच्या मालवणाकडे मुदी म्हणतात. साखरपुड्याला मुलीच्या बापानं जावयाच्या बोटात सोन्याची मुदी घालायची, ही आमच्या दर्यावर जगणाऱ्या लोकांची रीत. मुलीनं त्या वेळी आत बसायचं. बाहेर यायचं नाही, मुदीला हात लावायचा नाही. मुदी बापाची, बोट जावयाचं, मान वडीलधाऱ्यांचा. मुलीचं त्यात काय, तर काही नाही.

मला त्याआधी दोन-तीन ठिकाणांहून नकार आला होता. कारण रंग नव्हे, उंची नव्हे. कारण माझं तोंड. आत्ये म्हणायची, "गो, तुझ्या जिभेक हाड नाय." आता ही आत्ये, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, विधवा झाल्यापासून मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. तिच्यासमोर भाव करायला मोठमोठे वकील घाबरत. तिनं मला जिभेवरून बोलावं! पण माझं लग्न लागत नव्हतं आणि तिचं होऊन गेलेलं होतं, त्यामुळे ऐकून घ्यायची पाळी माझी.

मग तारकर्लीचं स्थळ आलं. मुलगा रापणीवर जाणारा. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून माणसांनी दोऱ्यांनी ओढायचं मोठं जाळं. मुलाचे वडील लहानपणीच गेलेले, घरात राज्य काकांचं. हे काका म्हणजे आवाज. माणूस नंतर दिसायचा. बघायला आले तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी मला चालायला लावलं, केस दाखवायला लावले, आणि शेवटी गरजले, "चेडवाक रांधूक येता मा?"

मी म्हटलं, "येता. तुमच्या पुतण्याक जेवूक येता मा?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. आणि पुतण्याचा चहा नाकातून बाहेर आला. खोकता खोकता हसत होता बिचारा, काका बघतायत म्हणून पुन्हा खोकत होता. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, करीन तर ह्याच्याशीच. माझ्या बोलण्यावर रागावणारे पुष्कळ पाहिले होते, हसणारा हा पहिला. देव पावला आणि तिकडून होकार आला. काकांनी होकारासोबत निरोप पाठवला, मुदी अशी हवी की चार माणसांत दिसली पाहिजे, नाहीतर आम्हाला मुली पुष्कळ.

झालं! घराला मुदी लागली.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि सरकारनं सोन्यावर कायदा आणला होता, नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. कॅरेट हा शब्द तोवर आमच्या वाडीत कोणी ऐकलेला नव्हता. आठवड्याभरात पोराटोरांच्या तोंडी तोच. ज्याच्या सात पिढ्यांत नाकात घालायला सोन्याची चमकी नव्हती, तोही होडीच्या सावलीत विडी ओढत सांगू लागला, "चोवीसात चौदा सोना, धा भेसळ. सरकारान फसवल्यान आमका." अरे बाबा, तुला कुठं फसवलंन? तुझ्याकडे होतं काय फसवायला?

माझे बाबा मात्र कायद्यावर बेहद्द खूष. ते बंदरावरच्या कचेरीत शिपाई होते. जन्म होडीतला, पण खाकी टोपी डोक्यावर चढल्यापासून सरकार म्हणजे त्यांचं कुलदैवत. घरात मालवणी बोलायचे आणि सरकारचा विषय निघाला की लगेच पाठ ताठ करून शुद्ध मराठी. म्हणाले, "सरकारने विचारपूर्वक निर्णय घेतलेला आहे. चौदा कॅरेट सोने कठीण असते. झिजत नाही, चेपत नाही. आपल्याला परवडते आणि देशाचेही भले होते."

आत्ये म्हणाली, "मुदी जावयाक घालूची आसा की देशाक?"

"तुला कळत नाही त्यात बोलू नये."

"माका कळाना? माका?" आत्येनं हातातल्या पाटल्या पुढं केल्या. पिवळ्याधम्मक, जुन्या, दाबल्या तर बोटाचा ठसा उमटेल अशा मऊ. "ह्या बघ. वाकता ता सोना. वाकाना ता लोखंड."

ह्या वाक्यावर महिनाभर भांडण चाललं. सकाळी बाबा कचेरीत जाताना भांडण ठेवून जात आणि संध्याकाळी येऊन बरोबर तिथंच उचलत.

दरम्यान एक काम मात्र आत्येनं झटपट उरकलं होतं. तारकर्लीला घर बघायला गेली, तेव्हा मुलाच्या बोटाचं माप घेऊन आली. माप घ्यायला दोरा न्यायचा हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. काकांच्या घरी दोरा मागणार? छे! मुलीकडचे दोरासुद्धा आणत नाहीत, असं उद्या बोलून दाखवतील. म्हणून तिनं अंगणातल्या माडाची हिरवी पात फाडली, मुलाच्या बोटाभोवती गुंडाळून गाठ मारली, आणि आणली कमरेच्या पिशवीतून. पोरं खेळताना पातीच्या अंगठ्या करतात ना, तशी. हरवू नये म्हणून तिनं ती घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. आमच्या घरात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे चुलीवरचं शिंकं. सुका बांगडा, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि जावयाचं बोट, तिघं तिथं महिनाभर धूर खात लोंबत होती.

अखेर बाबा जिंकले, कारण बावीस कॅरेटची मुदी चोरून घडवायला लागणारी छाती त्यांच्याकडे नव्हती, आणि पैसे त्याहून नव्हते. आम्ही तिघं मालवणच्या बाजारपेठेत सोनाराकडे गेलो. दुकानात बसून सोन्याला शिव्या घालणारा सोनार मी त्या दिवशीच पाहिला. कायद्यानं त्याचा धंदा बसला होता. "घडवतंय हां," तो म्हणाला, "पण माझ्या आज्यान हातात धरल्यान नसता असला सोना."

त्यानं दोन-चार नमुने पुढं टाकले. आत्येच्या डोळ्यांत भरली ती एक पोकळ मुदी. बाहेरून जाडजूड, वर लाल खडा, आत नुसती हवा. "ही घेवया," ती म्हणाली. "तारकर्लीसून दिसात." बाबांनी ती उचलली, नखानं टकटक केलं, आणि कचेरीतल्या साहेबासारखं तोंड करून खाली ठेवली. "टिकाऊ नाही."

मला राहवेना. "खडो नको," मी म्हटलं. "वर कायएक उंच नको. रापणीची दोरी वडताना खडो अडाकलो तर बोट तुटात तेचा."

सोनार आधी माझ्याकडे, मग दोघांकडे बघत राहिला. "बापूस सरकाराची काळजी करता, आत्ये लोकांची. चेडू तेवढा न्हवऱ्याच्या बोटाची करता."

मला अशी लाज वाटली! पण ठरलं माझ्याच म्हणण्यासारखं. भरीव, गुळगुळीत, साधं वळं. खडा नाही, नक्षी नाही, चौदा कॅरेट. आत्येनं पिशवीतून पातीचं माप काढून दिलं. सोनारानं ते घेताना बाबांना बजावलं, "ह्या सोना कठीण आसा. मागीर घट्ट झाली, सैल झाली, तर ठोकून वाढवची नाय हां. तडाकतला." बाबांनी एवढंच ऐकलं की सोनं कठीण आहे. अशी मान हलवली की जणू ते सोनं त्यांनीच कठीण केलं होतं.

साखरपुडा आमच्या खळ्यात झाला. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. मी रीतीप्रमाणं आत, दाराच्या फटीला डोळा लावून. तारकर्लीहून होडीभर माणसं आली, पुढं काकांचा आवाज. आदल्या दिवशी रापणीला मोठी मासळी लागली होती, त्यामुळे मुलाचे हात दोऱ्यांनी सुजून लाल झालेले. बाबा पाटावर बसले, मुदी हातात घेतली, आणि घालायला लागले. पहिलं पेर सरळ गेलं. दुसऱ्या पेरावर मुदी थांबली.

बाबांनी जोर लावला. मुदी हलेना. बाबांनी पुन्हा जोर लावला. मुलगा पाटावरून पुढं सरकला, मुदी तिथंच.

"ह्या काय?" काका गरजले. माडावरचे कावळे उडाले. "आमच्या झिलाच्या बोटाइतक्यासुद्धा सोना परवडाना तुमका?"

मुदी लहान केली म्हणजे सोनं चोरलं, असा अर्थ निघाला हो! बाबांचा चेहरा पांढराफटक. सोनार जेवायला आलेलाच होता, त्याला पुढं ओढलं. काका म्हणाले, "वाईच ठोकून वाढय." सोनारानं हात जोडले. "जुना सोना असता तर हय बसान वाढवलंय असतंय. ह्या सरकारी. ठोकलंय तर दोन तुकडे."

आत्येनं त्या प्रसंगातसुद्धा बाबांकडे बघून घेतलंन. वाकता ता सोना! आणि मग सोनाराचं माप चुकलं हे सिद्ध करायला ती ताडताड आत आली, सोनारानं परत दिलेली पातीची अंगठी शिंक्यातून काढली, आणि बाहेर नेऊन बोटातून उतरवलेल्या मुदीवर धरली. दोन्ही तंतोतंत एकसारख्या.

सोनारानं ती पात बोटांत फिरवली. वाळून कडकडीत झालेली, गाठ आवळलेली, सुंगटासारखी आक्रसलेली. त्यानं वास घेतला. "आत्येबाय, माप घेतलंस तेवा पात वली होती?"

"हिरवीगार."

"आणि मागीर खंय ठेवलंस?"

आत्येची नजर आत चुलीकडे गेली. ओल्या बांगड्याकडे नुसतं बघून सुकल्यावर किती उरेल हे सांगणारी बाई, जन्मभर मासळी सुकवून विकणारी, तिनं जावयाचं बोट चुलीवर सुकवलं होतं. शिरा पडो त्या शिंक्यावर! मला आत हसू फुटत होतं आणि बाहेर काका उठून उभे राहिले होते. आता म्हणतील, चला रे, होडी लोटा. आणि मग माझ्या नशिबी पुन्हा ओट्यावर चालून दाखवणं, केस दाखवणं. आणि हसणारा माणूस पुन्हा कुठून आणायचा?

तेवढ्यात मुलगा पहिल्यांदा बोलला. "खोबरेल आणा वाईच."

खोबरेल आलं. बाबा आणि सोनार, दोघं त्या बोटाला चिकटले. बाबा भीतीनं शुद्ध बोलायला लागले, "जरा सहकार्य करा, जरा सहकार्य करा." एक जोराचा रेटा, आणि मुदी पेर ओलांडून आत जाऊन बसली. बोट वांग्यासारखं झालं. काकांनी विचारलं, "दुखता?" मुलगा म्हणाला, "मुदी बरी आसा." मी दाराआड खाली बसले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण काकांना महिन्याभरात कणकवलीचं स्थळ दिसलं. आमच्याच जातीतला माणूस, मासळीच्या लॉऱ्या असलेला, एकुलती एक मुलगी, आणि घरात कायद्याच्या आधीचं सोनं. काकांना एकदम आठवलं, की चौदा कॅरेटची मुदी घालून आम्ही त्यांचा अपमान केला होता. निरोप आला, लग्न मोडलं.

आमच्यात लग्न असं निरोपावर मोडत नाही. त्याची रीत आहे. पंच बसायचे, आणि मुलाकडच्यांनी साखरपुड्याची मुदी पानसुपारीच्या ताटात ठेवून मुलीच्या बापाला परत करायची. मुदी परत झाली की मुलगी मोकळी, मुलगा मोकळा. तोवर नाही.

पंच आमच्याच खळ्यात बसले. मी पुन्हा दाराच्या फटीला. ताट आलं, पानं आली, सुपारी आली. काका म्हणाले, "काढ रे मुदी."

मुलानं ओढली. निघेना. काकांनी ओढली. निघेना. साबण आणला, तेल आणलं, बोटाला दोरा गुंडाळून बघितला. आणि हा मुलगा काय ओरडत होता! "आवय गे! मेलंय! बोट गेला माझा!" मला तर किळस आली. ह्याच माणसाच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा घुसला होता तेव्हा ह्यानं हूं की चूं केलं नव्हतं, असं आत्येनं बाजारात ऐकून मला कौतुकानं सांगितलं होतं. आणि आता एका मुदीसाठी ही बोंब! एवढी घाई आहे माझ्यातून सुटायची? मी रागानं ओठ चावत होते. रडले नाही. रडायचं त्यांच्यासाठी?

शेवटी काका म्हणाले, "सोनाराक बोलवा. कापून काढूया."

तेव्हा आत्ये उठली. शिंक्याच्या प्रकरणानंतर ती महिनाभर गप्प होती. सगळं साठलेलं बाहेर आलं. "कापतास? आमची मुदी कापतास? अखंड दिलंव, अखंड परत होयी! पंचांनू, तुमी सांगा, मोडक्या मुदयेन लगीन मोडता?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. हा प्रश्न त्यांच्या बापजाद्यांपुढं कधी आला नव्हता. बावीस कॅरेटच्या काळात मुदी वाकवून निघायची. म्हातारा पंच पान चघळत म्हणाला, "कापलेली मुदी ती मुदी नाय. आणि मुदी परत नाय तर लगीन मोडाक नाय." बाबा ताठ बसून म्हणाले, "सरकारने विचारपूर्वक निर्णय घेतला होता." काकांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा आत गेला. कणकवलीची लॉरीवाल्याची मुलगी थांबायला तयार नव्हती, तिचं दुसरीकडे जमलं. माझं तारकर्लीलाच लागलं.

पण कसलं लागलं! सगळी वाडी हसत होती, "मुदीन लगीन लावल्यान." सासरी जाताना मी रडले ती माहेर सुटलं म्हणून, असं बायकांना वाटलं. मी रडत होते संतापानं. माणसाला मी हवी नव्हते, त्याचं बोट सुटलं नाही म्हणून त्यानं मला घरात घेतलं. बोट बारीक असतं तर आज मी कुठं असते? होडीत मी त्याच्या बाजूला बसले होते आणि सारखी त्या मुदीकडे बघत होते. मीच निवडलेली. भरीव, गुळगुळीत, टिकाऊ. आग लागो त्या टिकाऊपणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन मी परसातल्या विहिरीवर गेले. आमचे हे तिथं आधीच होते, पाठमोरे. जाळ्याला लावायच्या रंगाचं काळं हाताला लागलं होतं ते धूत होते. मी बघते तर त्यांनी हात पाण्यात बुडवला, मुदीला एक पीळ दिला, काढली, आणि विहिरीच्या काठावर ठेवली. न बघता. रोजची सवय असावी तशी.

माझ्या हातातली घागर आदळली. ते दचकून वळले.

"मुदी निघता?" मी म्हटलं.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. काका लांब गोठ्यात होते, आवाज येत होता. "निघता."

"कधीपासून?"

"सूज उतारली तेवापासून. साखरपुडो झालो त्याच आठवड्यात."

"आणि पंचांसमोर? ती बोंब?"

"बोट वाकडा करून धरलंय. वाकड्या बोटातसून मुदी कशी येतली?" ते हसायला लागले, तसेच, चहा नाकातून आला होता त्या दिवसासारखे. "बोंब मारूक होयीच. नायतर काकांका कळला असता."

"सगळ्यांका फसवलास, पण माका तरी सांगूचा होता! मी काय काय समाजलंय तुमका!"

"तुका सांगलंय असतंय आणि तू गप ऱ्हवली असतंस?"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. एवढं मात्र कळलं, की ह्या माणसानं भर पंचांत, भित्रा म्हणवून घेऊन, मला बोटात घट्ट धरून ठेवली होती.

"कित्याक?" मी विचारलं.

ते गोठ्याच्या दिशेनं बघत हळूच म्हणाले, "काकांका उलटा बोलणारा कोणतरी घरात होया होता. माका आजपर्यंत जमाक नाय."

काठावरची मुदी मी उचलली. साखरपुड्याला मला तिला हात लावायची मुभा नव्हती. म्हटलं, आणा हात. त्यांनी ओला हात पुढं केला, आणि मी मुदी त्यांच्या बोटात घातली. दुसऱ्या पेरावर जरा अडली, मग गेली.